तुम्ही विचारलंत म्हणून: दोन बुटक्या शेळ्यांवर घरचं दूध भागतं का?

गावी आलेला पाहुणा चहाचा कप खाली ठेवला की हमखास विचारतो, "आम्हीही दोन शेळ्या ठेवाव्या म्हणतोय. घरचं दूध भागतं का हो?" भागतं. आम्ही तिघं माणसं. दिवसाचे पाच-सहा चहा आणि रात्री सासूबाईंना वाटीभर दूध, एवढं व्यवस्थित निघतं. पण उत्तर एवढ्यावरच सोडलं की माणसं पुढच्या आठवड्यात शेळी बघायला निघतात आणि जुलैत मला फोन करतात.

आमच्या शेळ्या बारबरी. मूळच्या आग्रा, मथुरा, एटा भागातल्या. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, हरणासारखे उभे कान, उंची जेमतेम माझ्या मांडीएवढी. आपल्या सिंधुदुर्गाची कोकण कन्याळ आहे, ती इथल्या पावसाला मुरलेली, पण तिला पाळतात ते मुख्यतः मटणासाठी. बारबरी बांधून घातलेलं मुकाट खाते. आमच्या वाडीत तेच महत्त्वाचं, कारण चारी बाजूंना हापूसची कलमं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाय, बकरी सुटली नि कुणाच्या कलमाचा शेंडा खाल्लान, तर पुढची दहा वर्षं बोलणी आपण खायची."

पहिली शेळी घेताना मी फसले. विकणारा म्हणाला, दोन लिटर देते. कास टरारलेली, बघूनच मन भरलं. घरी आणल्यावर कळलं की आदल्या दिवशी तिला पिळलंच नव्हतं. ती दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर कधी गेली नाही. चांगली बारबरी लिटरभर देते, तेही व्यायल्यानंतरचे भरातले दिवस. तेव्हा संध्याकाळी स्वतःसमोर कास रिकामी करून घ्या, मुक्काम करा आणि सकाळी पुन्हा पिळून बघा. विकणारा कुरकुरला तर उठून या.

आता जुलै. दूध किती देते हे सगळे विचारतात, पावसात तिचे पाय कुठे असतात हे कुणी विचारत नाही. इथे वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शेळीला ओल अजिबात सोसत नाही. पहिल्या वर्षी गोठ्यात कोबा होता. पंधरा दिवसांत खुरांच्या बेचक्यात सडू लागलं, शेळी गुडघ्यांवर बसून चरायला लागली. मग जुन्या पोफळी चिरून त्याच्या रिपांचा माच केला, जमिनीपासून तीन फूट उंच. दोन रिपांमध्ये बोटभर फट. लेंड्या आणि मूत खाली पडतं, वर कोरडं राहतं. फट रुंद झाली तर करडाचा पाय अडकतो. आमच्या एकाचा अडकला होता, तो पाय सोडवताना मीच जास्त ओरडले असेन.

दुसरं म्हणजे पाला. ओला कोवळा चारा उपाशीपोटी घातला की पोट फुगतं किंवा हगवण लागते. म्हणून फणस, उंबर, शेवगा, गिरिपुष्पाच्या डहाळ्या आदल्या संध्याकाळीच तोडायच्या आणि पडवीत आडव्या काठीवर टांगून ठेवायच्या. सकाळपर्यंत पाणी निथळतं, पाला जरा मलूल होतो. घालायचाही टांगूनच. जमिनीवर पडलेल्या, आपल्याच पायांखाली आलेल्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही. फणसाचा पाला असेल तर मात्र दोघी शिंगं लावतात. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन शेळी दगावते तो रोग) लस आणि जंताचं औषध पावसाआधी, मे महिन्यातच.

दुधाला वास येतो का? बोकड जवळ बांधला, भांडं नीट घासलं नाही किंवा दूध लवकर थंड केलं नाही तर येतो. आमच्या पाहुण्यांना चहात कळत नाही, आम्हीही सांगत नाही. दही जरा सैल लागतं. दूध उकळूनच प्यायचं. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी हे कृपया देऊ नका, त्यात फोलेट (एक ब-जीवनसत्त्व) फार कमी असतं. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यालाही "शेळीचं चालतं" म्हणून देऊ नका, प्रथिनं बरीचशी सारखीच असतात.

दोन शेळ्या का, तर एक आटली की दुसरी हवी. शेळी पाच महिने गाभण असते आणि व्यायच्या आधी दीड-दोन महिने तिला आटवावं लागतं. दोघींना एकदम बोकड दाखवला की दोघी एकदम आटतात. पहिल्या वर्षी गणपतीत आम्ही पिशवीचं दूध आणलं ते ह्याच हुशारीमुळे.

दूध हवं म्हणजे करडं होणारच, आणि त्यांतली साधारण निम्मी बोकडं. ही गोष्ट मात्र पाहुणे विचारत नाहीत आणि मीही चहाच्या वेळी काढत नाही. मेथीच्या (हे शेळीचं नाव) पहिल्या वेतात दोन्ही बोकड झाले. नावं ठेवायची नाहीत असं ठरलं होतं, पण सासूबाई एकाला बंड्या म्हणायच्या. शिमग्याच्या आधी गिऱ्हाईक आलं, तेव्हा त्या मागीलदारी भांडी घासत बसल्या, घासलेलीच. मेथी दोन रात्री ओरडली. त्या दोन दिवसांत दूध पाव लिटर जास्त निघालं, आणि चहा कुणीच मागितला नाही.