तुम्ही विचारलंत म्हणून: लस वर्षभरात आली, मग हे औषध का नाही?

सांगलीला घरी आले की विश्रामबागेत कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, कोरोनाची लस वर्षभरात आली की! मग तुमचं ते विषाणूचं औषध अजून का येईना?" ते औषध म्हणजे जनुकोपचार: बिघडलेल्या जनुकाचं काम करणारं चांगलं जनुक विषाणूकरवी शरीरात पोचवायचं; मी त्यावरच काम करते. मध्यंतरी मिरजेच्या एका आईनं हेच विचारलं. तिच्या मुलाला हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त गोठवणारं फॅक्टर आठ हे प्रथिन त्याच्या शरीरात पुरेसं बनत नाही. गुडघ्यात रक्त उतरून तो टम्म फुगलेला, वर बर्फाची पिशवी, पाय सरळ होत नाही म्हणून पोरगं कुशीवर पडलेलं. सिव्हिलमधून आणलेलं फॅक्टर शिरेतून दिलं की सूज उतरते, मग कधीतरी पुन्हा तेच. त्या माउलीला थातुरमातुर उत्तर द्यायला माझं मन धजलं नाही.

कोव्हिशिल्डही विषाणूवरच बेतलेली होती. पुण्यात बनलेल्या त्या लशीत चिंपांझीचा अ‍ॅडिनोव्हायरस होता, शरीरात वाढू न शकणारा. पण शरीरानं ओळखावं, प्रतिकाराला उठावं, हाच लशीचा हेतू. आम्हाला नेमकं उलटं हवं असतं. मी ज्याच्यावर काम करते तो एएव्ही नावाचा विषाणू 1965 साली अ‍ॅडिनोव्हायरसच्या नमुन्यांत सापडला. एकट्या त्याच्यामुळे माणसाला कुठला रोग झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. त्याची स्वतःची जनुकं काढायची, तिथं रुग्णाला हवं असलेलं जनुक भरायचं आणि शरीराला फारसा सुगावा लागू न देता ते यकृतात पोचवायचं.

आता मात्रेचं बघा. कोव्हिशिल्डच्या एका डोसात 5,000 कोटी कण. एसएमए हा स्नायू दुबळे करणारा जनुकीय आजार झालेल्या बाळांसाठी अमेरिकेत 2019 साली मंजूर झालेल्या झोलजेन्स्मा या एएव्हीच्या औषधात वजनाच्या दर किलोमागे 110 लाख कोटी. दहा किलोच्या बाळाला लशीच्या वीस हजार पटींहून जास्त! एवढा भार यकृतावर पडतो तेव्हा चुकीला जागा नसते. 1999 साली अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या जनुकोपचाराच्या चाचणीत अ‍ॅडिनोव्हायरसचा मोठा डोस दिल्यावर जेसी गेल्सिंगर हा 18 वर्षांचा मुलगा चार दिवसांत गेला. या क्षेत्रात आलेल्या प्रत्येकाला हे नाव माहीत असतं, असायलाच हवं.

माझी नोकरीतली बहुतेक वर्षं रिकाम्या कवचांपायी गेली. पेशींना विषाणू बनवायला लावला की बरीच कवचं जनुकाविनाच तयार होतात, पत्र नसलेल्या पाकिटासारखी. गुण काही नाही, उलट प्रतिकारशक्तीला डिवचतात. सीझियम क्लोराइडच्या द्रावणात मिश्रण घालून प्रचंड वेगानं फिरवलं की नळीत दोन निळसर-पांढरे पट्टे दिसतात. वरचा रिकाम्यांचा, खालचा भरलेल्यांचा. नळीला बाजूनं सुई टोचून खालचा तेवढा अलगद ओढून घ्यायचा. प्रयोगशाळेत हे जमतं. कारखान्याच्या प्रमाणावर, दर खेपेला तितकंच शुद्ध, हे फार अवघड.

आणि हे सगळं पहिल्याच वेळी बरोबर यावं लागतं. एकदा एएव्ही दिला की शरीरात इतकी प्रतिपिंडं तयार होतात की दुसरा डोस वाया जातो. कित्येकांना लहानपणी तो निसर्गतःच होऊन गेलेला असतो, त्यांना पहिलाही देता येईल असं नाही. शिवाय मुलाचं यकृत वाढत असतं. एएव्हीनं नेलेलं जनुक गुणसूत्रात सहसा मिसळत नाही, म्हणून पेशी दुभंगत गेल्या की ते विरळ होतं. हिमोफिलियावरची मंजूर एएव्ही औषधं प्रौढांसाठीच आहेत, त्यामागचं हे एक कारण. मिरजेच्या आईला हे सांगताना जड गेलं, पण सांगितलं. किंमत तर विचारूच नका: हिमोफिलिया बीसाठी फॅक्टर नऊचं जनुक देणाऱ्या हेमजेनिक्स या एएव्ही औषधाची 2022 साली 35 लाख डॉलर ठरली.

मला खरी आशा वेल्लोरच्या कामाची वाटते. तिथल्या सीएमसी या वैद्यकीय महाविद्यालयानं रक्ताच्या मूळ पेशी बाहेर काढून, लेंटिव्हायरस या वेगळ्या विषाणूनं त्यांत फॅक्टर आठचं जनुक घालून त्या पाच रुग्णांना परत दिल्या. निष्कर्ष डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झाले, उपचारानंतर पाचही जणांचे रक्तस्राव थांबले. इथं जनुक गुणसूत्रातच बसतं. मात्र आधी केमोथेरपी घ्यावी लागते, तीही माणसं प्रौढच होती.

तोवर फॅक्टर चुकवू नका. सांध्यात रक्त उतरायची वाट न बघता नियमित देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आणि कुठल्याही चाचणीत मुलाचं नाव घालण्याआधी दोन गोष्टी विचारा: विषाणू कुठला, आणि तो घेतल्यावर पुढं दुसरा उपचार घेता येईल का.