तुम्ही विचारलंत म्हणून: व्हीसीचे पैसे परत द्यायचे नसतात, मग घ्यायला काय जातं?

गावी आलो की हा प्रश्न ठरलेला. लग्नाच्या पंगतीत, बँकेत, कुडाळ स्टेशनवर तुतारीची वाट बघताना, कुठेही. कोणाच्या तरी मुलाने सॉफ्टवेअर बनवलेलं असतं आणि मी मुंबईत स्टार्टअपमध्ये हिस्सा घेऊन पैसे घालणाऱ्या फंडात (व्हीसी म्हणजे हेच, व्हेंचर कॅपिटल) काम करतो हे अख्ख्या वाडीला माहीत आहे. "परत देवचे नाय तर घेवक काय जाता?" दर वेळी हसून वेळ मारून नेतो, आज एकदाच नीट सांगतो.

परत द्यायचे नसतात हे खरंच आहे. आपल्याकडे बागायतदार वाशीच्या दलालाकडून सीझनआधी उचल घेतो, ती पेट्या घालून फेडायचीच असते, मोहोर गळला तर पुढच्या वर्षी फेडा पण सुटका नाही. व्हीसीचं तसं नाही, कंपनी बुडाली की पैसे बुडाले, तुमच्या घरावर कोणी टाच आणत नाही (लबाडी केली असेल तर गोष्ट वेगळी). पण बाग केवढी वाढली याच्याशी दलालाला काही देणंघेणं नसतं, पेट्या आल्या की त्याचं काम झालं. आम्हाला नेमकं त्याच्याशीच देणंघेणं असतं आणि सगळी गोची तिथेच आहे.

आकड्यात बघा. समजा फंड 500 कोटींचा. हे पैसे आमचे नसतात, मोठ्या संस्थांचे आणि श्रीमंत घराण्यांचे असतात, बाजार नियामक सेबीच्या 2012 च्या नियमांप्रमाणे अशा फंडात एकेकाला सहसा किमान 1 कोटी टाकावे लागतात. मुदत साधारण 10 वर्षं. एवढी जोखीम घ्यायची तर निदान तिप्पट तरी मिळावेत अशी त्यांची अपेक्षा, म्हणजे 1500 कोटी. आणि विकायची वेळ येईपर्यंत नवनवीन राऊंड होऊन (म्हणजे नवे शेअर देऊन आणखी पैसे उभे करून) आमचा हिस्सा घटत घटत, धरा, 15 टक्क्यांवर आलेला असतो. म्हणजे आमच्या सगळ्या कंपन्यांची मिळून किंमत 10 हजार कोटी व्हायला हवी! त्यातल्या बऱ्याच तर बंदच पडणार, काही जेमतेम मुद्दल देणार, सगळा हिशेब एखाददुसऱ्या कंपनीवर. नोकरी डॉट कॉमवाल्या इन्फो एजने 2010 साली झोमॅटोत 5 कोटींच्या आतच सुरुवात केली, पुढे आणखी घातले, आणि 2021 मध्ये आयपीओ आला तेव्हा त्यांच्या हिश्श्याची किंमत हजारो कोटींत होती. आम्ही सगळे त्या एका झोमॅटोच्या शोधात असतो.

आता आमच्याच ओळखीतला एक मुलगा घ्या. तारकर्ली-देवबागच्या होमस्टेवाल्यांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर करतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एकच खोली एजंटने फोनवर पुण्याच्या फॅमिलीला दिलेली असते आणि वेबसाईटवरून बेळगावच्या, दोघेही बॅगा घेऊन दारात हजर, आणि काकू बिचाऱ्या कोणाला चहा आधी द्यायचा या विचारात. हा प्रॉब्लेम त्याने खरोखर सोडवलाय, लोक दरमहा पैसे देतात, पोरांचे पगार वेळेवर होतात. उद्या ही कंपनी 30 कोटींची झाली तर त्याच्या सात पिढ्या खूश. पण त्यातले आमचे 15 टक्के म्हणजे साडेचार कोटी, 500 कोटींच्या फंडात ते दिसतही नाहीत. म्हणून आम्ही त्याला सांगणार की बाबा रे सिंधुदुर्ग सोड, गोवा घे, केरळ घे, सेल्सची माणसं भर, तोटा होऊदे, पैसे संपले की पुढचा राऊंड करू. त्याचा चांगला चाललेला धंदा आमच्या गणितात फेलच.

अजून एक. करारात लिक्विडेशन प्रेफरन्स नावाचं कलम असतं, ते कोणी धड वाचत नाही. समजा आम्ही 10 कोटी घालून 20 टक्के घेतले. पुढे दिवस फिरले आणि कंपनी 12 कोटींना विकावी लागली, तर तुम्हाला वाटेल आम्हाला 2 कोटी 40 लाख जातील. नाही. आधी आमचे 10 कोटी, मग उरलेल्या 2 कोटींत तुम्ही आणि बाकीचे. म्हणजे परत द्यायचे नसतात ते कंपनी बुडाली तर, विकली तर आधी आमचे.

मग घ्यायचेच नाहीत का? तसंही नाही. चेन्नईच्या झोहो या सॉफ्टवेअर कंपनीने बाहेरचे पैसे न घेता एवढा पसारा उभा केला, तामिळनाडूतल्या तेनकाशीजवळच्या आडगावात ऑफिस थाटलं. त्याच झोहोतून बाहेर पडलेल्या गिरीश मातृभूतम यांनी 2010 साली फ्रेशवर्क्स ही सॉफ्टवेअर कंपनी काढली, व्हीसीचे पैसे घेतले आणि 2021 मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात लिस्ट केली. फ्रेशवर्क्सला पहिल्यापासून जगभर विकायचं होतं आणि ते लवकर करायचं होतं, त्यासाठी तो पैसा बरोबर होता. होमस्टेवाल्या पोराला मी बँकेत पाठवला, सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी योजनेच्या हमीखाली तारण न ठेवता कर्ज मिळतं का बघ म्हटलं. व्याज जातं, पण कंपनी त्याची राहते. तो म्हणतो हप्त्याचं टेन्शन येतं. येणारच की. पण बँक मॅनेजर निदान केरळला जा म्हणत नाही.