जीवरचा ठिपका

शाहूपुरीतल्या आमच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका, बिलबुकं आणि गुळाच्या बॉक्सचे स्टिकर, एवढंच चालतं. गिऱ्हाईक कळकट जुना स्टिकर आणून देतं, "अस्साच पाहिजे" म्हणतं. मग स्कॅन करायचा, मोठा करून एकेक तेलाचा डाग, धुळीचा कण पुसायचा. या कामात माझा हात धरणारा गल्लीत कोणी नाही.

परवा एका निवृत्त सरांनी मुरांब्याच्या बाटलीचा स्टिकर दिला. मराठी आणि एस्पेरांतो, म्हणजे जगातल्या सगळ्यांसाठी मुद्दाम बनवलेली भाषा. 'ओरांजो' (oranĝo, म्हणजे संत्रं) या शब्दातल्या जी (g) या अक्षरावर शाई पसरून ठिपका झाला होता. पुसला. प्रूफ त्यांच्या मुलाला पाठवलं, त्याने न वाचता अंगठा दिला. सगळे तसंच करतात. दोनशे छापले.

"अहो, जीची टोपी कुठं गेली?" सर दारातूनच म्हणाले.

टोपी म्हणजे अक्षरावरची ^ अशी खूण. ती असली की ज, जेवणातला, जहाजातला नव्हे. नसली की ग. मी म्हटलं, एवढ्याशा खुणेनं काय होतंय? सर स्टुलावर बसले. शब्द मूळचा आपला, नारंग. इराणात नारंगच राहिला. अरबीत ग नाही, तिथं नारंज झाला. युरोपात तोंडचा न गळाला, फ्रेंचांचं ओरांज झालं. झामेनहोफ या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८८७ मध्ये वॉर्साहून एस्पेरांतो जाहीर केली, तिच्यात तो ज टोपी घालून बसला.

"आणि तुम्ही टोपी काढून त्याचा परत ग केलात. पार इराणपर्यंत मागं नेलात की!"

मला जरा बरं वाटलं.

"पण ओरांगो असा शब्द नाही. परत छापा."

आमच्या फॉन्टात ते अक्षरच नव्हतं, नुसता चौकोन उमटला. सर म्हणाले, ज्या छापखान्यात टोपीची अक्षरं नसतील त्यांनी पुढं एच लावावा, अशी सोय झामेनहोफनी १९०५ मध्येच लिहून ठेवलीय. म्हटलं, मग लावू? "सोय नडलेल्यांसाठी आहे. तुमच्याकडं कॉम्प्युटर आहे." शेवटी साधा जी घेतला, वर पेन टूलनं टोपी काढली. पाऊण तास गेला. कागद माझ्या पगारातून.

ओरांगोचा एक स्टिकर मॉनिटरच्या कडेला चिकटवलाय. डाग पुसताना आता हात मध्येच थांबतो, आणि मालक ओरडतात.