ट्रॉलीच्या खणात गोट्या आणि रॅचेट कशी लावली: माझा अनुभव

मी रत्नागिरीत गाड्यांची कामं करतो, निम्म्या टू-व्हीलर आणि निम्म्या मारुती-होंडाच्या छोट्या गाड्या. यंदा पावसाच्या आधी सात खणांची लोखंडी ट्रॉली घेतली आणि तेव्हाच ठरवलं की यावेळी गोट्या (नट-बोल्टवर बसवायचे सॉकेट) नुसत्या खणात ओतायच्या नाहीत, प्रत्येकीला जागा द्यायची. वेळ वाचतो हे तर आहेच, पण माझ्या मनात दुसरंच होतं. बॉनेटखाली कुठंतरी टेकवलेली १० ची (म्हणजे १० मिलिमीटरच्या नटाची) गोटी तिथंच राहिली आणि गाडी गेली की ती गोटी बेल्टमध्ये पण जाऊ शकते, आणि ती गाडी कोणाच्या तरी घरची माणसं घेऊन हायवेला लागणार असते. म्हणून मला असं लावायचं होतं की संध्याकाळी खण ओढला की काय परत आलं नाही ते मोजत न बसता दिसलं पाहिजे.

माझा मामेभाऊ चाकणला एका व्हेंडर कंपनीत आहे, त्यांच्याकडे ५एस चालतं, म्हणजे जपानी कारखान्यांतून आलेली ती वस्तू जागच्या जागी ठेवायची पद्धत. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "दादा, दोन रंगाचा फोम घे, वरचा काळा आणि खालचा पिवळा. गोटी उचलली की पिवळं डोळ्यात भरतं." बस्स, सगळ्यात कामाची गोष्ट हीच निघाली.

आधी सगळा माल ताडपत्रीवर काढला. पाव इंची, थ्री-एट (३/८ इंच) आणि अर्धा इंची असे ड्राइव्हप्रमाणे, म्हणजे गोटीच्या मागच्या चौकोनी भोकाच्या मापाप्रमाणे, तीन ढीग, चौथा ढीग काय ते कळत नाही त्यांचा. डिझेल आणि पितळी ब्रशने सगळ्या घासल्या, फडक्याने पुसल्या आणि मग नंबर वाचायला बसलो. जुन्या गोट्यांवरचा नंबर घासून गेलेला असतो तिथं अंदाजपंचे लावू नका, व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) तोंडाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजू मोजा. माझ्याकडे वडिलांच्या वेळच्या इंची गोट्या मिलिमीटरवाल्यांत मिसळल्या होत्या आणि तीच खरी गडबड असते. अर्धा इंचाची गोटी १२.७ मिलिमीटर, ती १२ च्या नटावर बसते, बसल्यासारखी वाटते आणि जोर दिला की नटाचे कोपरे खाऊन टाकते. उलट पाऊण इंचाची १९.०५ येते, ती १९ च्या नटावर चालून जाते, म्हणून माणसाला वाटतं सगळ्याच चालतील, तर तसं नाही. जुन्या बुलेटसाठी लागणाऱ्या व्हिटवर्थच्या (जुन्या ब्रिटिश मापाच्या) गोट्या आणखी वेगळ्या, त्यांच्यावर बोल्टची जाडी लिहिलेली असते, नटाचं माप नाही, म्हणजे १/४ डब्ल्यू लिहिलेली गोटी तोंडाला साधारण १३.३ मिलिमीटर निघते. इंची आणि व्हिटवर्थ दोन्ही मी सरळ सहाव्या खणात वेगळ्या डब्यात घातल्या, झाकणावर ऑइलपेंटने लिहून. त्या टाकायच्या नाहीत, जुनी बुलेट आली की त्यांच्यावाचून काम अडतं, पण रोजच्या खणात त्या नकोत म्हणजे नकोत.

लावायचं कसं यावर बरेच दिवस डोकं खाल्लं. एक पद्धत म्हणजे कामाप्रमाणे, ब्रेकचा खण, इंजिनचा खण वगैरे. ऐकायला बरं वाटतं पण १२ ची गोटी सगळ्याच कामाला लागते मग ती कुठं ठेवणार? दुसरी पद्धत बऱ्याच जणांकडे दिसते, सगळी रॅचेट (गोटी फिरवायचे दातेरी डोक्याचे दांडे) एका खणात आणि सगळ्या गोट्या दुसऱ्या खणात, त्यात प्रत्येक वेळी दोन खण उघडावे लागतात. मी एक ड्राइव्ह एक खण असं केलं, त्या ड्राइव्हचं रॅचेट, एक्स्टेंशन (लांबी वाढवायचा दांडा), युनिव्हर्सल (वाकणारा सांधा) आणि गोट्या एकत्र. वरच्या पहिल्या खणात पाव इंची, दुसऱ्यात थ्री-एट, तिसऱ्यात अर्धा इंची. खण ओढला, रॅचेट उचललं, गोटी लावली, खण बंद. माझ्या मते गॅरेजला हीच बरोबर, घरी हौशीने काम करणाऱ्याला बाकीच्या पद्धतीही चालतील.

आता खणाची खोली, इथं ट्रॉली घेण्याआधीच टेप घेऊन जा असं सांगेन. अर्धा इंचीची साधी गोटी उभी ठेवली तर ४० मिलिमीटरच्या आसपास उंची, पण डीप (लांब) गोटी ८० च्या आसपास जाते, ती वरच्या पातळ खणात उभी राहतच नाही. म्हणून डीप गोट्या चौथ्या खणात आडव्या झोपवल्या, नंबर वर येईल अशा, त्यात स्पार्क प्लगच्या १६ आणि २१ च्या पण. ब्रेकर बार (घट्ट नट सोडवायचा लांब दांडा) तर लांबीला कुठंच सरळ बसत नाही, ती खालच्या खणात तिरकी टाकली. जड माल खालीच ठेवायचा, वरचे भरलेले दोन-तीन खण एकदम ओढले तर ट्रॉली पुढे कलंडते, आणि ते वजन पायावर घ्यायची गोष्ट नाही.

फोम कापायचं काम मला सगळ्यात आवडलं आणि वेळही त्यातच गेला. पॅकिंगवाल्याकडून ईव्हीए फोम आणला, तो पाणी पीत नाही, साधा स्पंज पाणी धरून ठेवतो आणि आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्या स्पंजमध्ये ठेवलेली गोटी गंजणारच. गोल भोकं कटरने कधीच नीट पडत नाहीत, कडा दातेरी होतात. मी गॅस्केट कापायचे पोकळ पंच वापरले, खाली जाड लाकडाची फळी, पंच सरळ उभा धरायचा आणि एकच घाव, अर्धवट घाव घातला तर फोम दबतो आणि भोक खाली निमुळतं होतं. अर्धा इंचीत १० पासून १४ पर्यंतच्या गोट्या ड्राइव्हच्या बाजूला जवळपास सारख्याच जाड असतात पण तोंडाकडे बारीक, म्हणून कुठली बाजू खाली जाणार ते आधी ठरवा आणि त्याच बाजूचं माप घेऊन पंच निवडा. मी तोंड खाली आणि चौकोनी भोक वर ठेवलं. रॅचेट वरून दाबलं की त्याच्या चौकोनी टोकावरचा बॉल टक्कन बसतो आणि गोटी तशीच उचलून येते, दुसरा हात लागत नाही. नंबर मात्र मग दिसत नाही, म्हणून काळ्या फोमवर प्रत्येक भोकाच्या पुढे पांढऱ्या पेंट मार्करने मोठा आकडा लिहिला.

१२, १३ आणि १४ या तिघींमध्ये मी मुद्दाम जास्त अंतर सोडलं. मारुती-होंडात एम ८ च्या (८ मिलिमीटर जाड) बोल्टचं डोकं १२ चं येतं, युरोपियन पद्धतीच्या गाड्यांत तोच बोल्ट १३ चा, आणि घाईत हात शेजारच्या गोटीवर जातो. १३ च्या भोकाभोवती लाल रिंग काढली. १० ची जास्तीची एक गोटी स्पेअरमध्ये, कारण एम ६ ला तीच लागते आणि सगळ्यात जास्त तीच हरवते. लोहचुंबकाच्या पट्ट्या पण मिळतात, लावून बघितल्या, गोट्या घट्ट राहतात हे खरं पण हळूहळू गोटीतच चुंबक येतं आणि लोखंडाचा भुगा आत चिकटून बसतो, तो भुगा इंजिन उघडं असताना मला जवळ नको.

रॅचेट बसवायच्या आधी तिन्ही खोलून साफ केली. दात मोजा एकदा, ७२ दातांचं असेल तर ५ अंश हलवलं तरी पुढचा दात पकडतं, २४ दातांच्या जुन्याला १५ अंश लागतात, अडचणीच्या जागी हा फरक हाताला लगेच कळतो. म्हणून ७२ वालं थ्री-एटच्या खणात हाताजवळ आणि जुनं २४ वालं अर्धा इंचीत, जिथं जागा मोकळी असते आणि जोर जास्त लागतो. आत हलकं तेलच घालायचं, जाड ग्रीस भरलं तर कुत्रा (आतला दातांत अडकणारा खटका) चिकटतो आणि ऐन जोर देताना दात सुटतो, मग बोटं फुटतात. रॅचेटचं डोकं दांड्यापेक्षा जाड, म्हणून डोक्याखाली फोमचे दोन थर कापले आणि दांड्याखाली एकच, आणि दांड्याच्या मध्यावर दोन बोटं जातील एवढा अर्धगोल, नाहीतर उचलताना नखं मोडतात.

टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) या कुठल्याच खणात नाही. तो त्याच्याच डब्यात, पाचव्या खणात एकटा, आणि काम झालं की स्केलवरच्या सगळ्यात कमी आकड्यावर आणून ठेवायचा, स्प्रिंगवर ताण ठेवून नाही आणि त्याच्याही खाली सैल करून नाही. हे मी पोराला पहिल्या दिवशीच शिकवलं.

पोरगा म्हणजे आयटीआय करून नुकताच आलाय, हुशार आहे. सुरुवातीला विचारायचा, "दादा, एवढं कशाला, आपल्याला माहितीये ना कुठं काय आहे ते?" परवा संध्याकाळी आवरताना त्यानेच दुसरा खण ओढला आणि म्हणाला, "दादा, १४ पिवळी दिसतीये." बाहेर स्विफ्ट उभी होती, गिऱ्हाईक चावी मागत होतं, आम्ही त्याला दोन मिनिटं थांबवून बॉनेट उघडलं तर गोटी बॅटरीच्या ट्रेजवळ एक्स्टेंशनसकट पडलेली. तेव्हापासून चावी द्यायच्या आधी तिन्ही खण ओढून बघायचे हा नियम त्यानेच केलाय.

पावसाळ्यासाठी प्रत्येक खणात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात, निळे मणी गुलाबी झाले की मंद आचेवर गरम करून परत निळे करायचे. ओल्या हाताने वापरलेली गोटी पुसल्याशिवाय भोकात जात नाही. आता इम्पॅक्टच्या (मशीनने नट फिरवायच्या) काळ्या गोट्या राहिल्यात, त्यांच्या भिंती जाड असल्याने वेगळा पंच लागणार आणि तो मुंबईला नागदेवी स्ट्रीटला गेलो की आणेन, सातवा खण त्यांच्यासाठी रिकामा ठेवलाय.