गाडी रडतेय का?

"बाबा, गाडी रडतेय का?" मागच्या सीटवरून लेकीचा प्रश्न.

जुन्या आयपॉडवर गाणं चालू होतं. ऑक्स केबल स्टिरिओला, चार्जर लायटरच्या सॉकेटमध्ये. गाण्यामागे एक बारीक शिट्टी. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढते, सिग्नलला थांबलो की उतरते. इंजिनच सूर लावून बसलेलं.

सिग्नलला चार्जर उपटला. शिट्टी गायब. परत लावला, परत सुरू! चार्जरमधून एक अर्थिंग, केबलमधून दुसरं, आणि त्या फेऱ्यात अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा, आवाज शिरतो. ग्राउंड लूप म्हणतात. केबलच्या मधे हा फेरा तोडणारा छोटा आयसोलेटर जोडला की भागतं. मी तो वर्षभर आणलेला नाही, ते सोडा.

याआधीच्या गाडीत कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर होता. आत फीत नाहीच, फक्त एक इवलंसं हेड, स्टिरिओच्या फीत वाचणाऱ्या हेडला चिकटून त्याच्या कानात गाणं सांगायचं. खरखर यायची, पण काय डोकं लावलं होतं राव!

लेकीला हे सगळं पुराणकाळातलं. 2016 मध्ये आयफोन 7 मधून ऑक्स केबल लावायचा 3.5 मिमीचा जॅक गेला, तिच्या फोनलाही तो नाही. तिने ब्लूटूथ जोडलं. दहा सेकंदांत गाणं सुरू, शिट्टी नाही, खरखर नाही.

मग ऐन तानेत नकाशावाली बाई बोलल्या, "दोनशे मीटरवर डावीकडे वळा." पाठोपाठ मेसेजची टिंग.

लेक हळूच म्हणाली, "तुमचा आयपॉड मधे बोलत नाही ना?"

तुमच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात अजून कुठली वायर पडून आहे?