मुखपृष्ठावरचा ड्रॅगन

मुखपृष्ठ बघून पुस्तक घेऊ नये हे मला पटतं. पण फँटसीपुढे माझं काही चालत नाही. एरवी मी मलपृष्ठ वाचते, मधलंच एखादं पान उघडून भाषा कशी आहे ते बघते. इथे मलपृष्ठावर नेहमी तेच: नावाचा उच्चार जमू नये अशा राज्यावर संकट आलंय आणि एक पोरका मुलगा ते निवारणार आहे. मधलं पान उघडावं तर सात अनोळखी नावं एकमेकांशी भांडत असतात. मग उरतं चित्र.

परवा संपवलेली सहाशे पानी कादंबरी अशीच घेतलेली. तांबूस रंगाचा, किंचित उठावदार छापलेला ड्रॅगन. बोट फिरवलं की खवला न् खवला लागतो. कथेत तो आला चारशे बाराव्या पानावर, तोही एका दारुड्याच्या गाण्यात! चिडून मी पुस्तक मिटलं आणि पुन्हा त्याच्याकडेच बघत बसले.

यात बड्याबड्यांचीही फसगत झाली आहे. इंग्रज लेखक टॉल्किन यांनी आपल्या 'द हॉबिट' या फँटसी कादंबरीच्या १९३७च्या आवृत्तीचं वेष्टन स्वतः रंगवलं होतं. त्यांना सूर्य लाल हवा होता, पण एक रंग वाढला की खर्च वाढतो म्हणून प्रकाशकांनी तो गाळला. १९६५मध्ये अमेरिकेत स्वस्त आवृत्ती निघाली तेव्हा मुखपृष्ठ केलं बार्बरा रेमिंग्टन यांनी, कादंबरी न वाचताच. चित्रात सिंह, एमू आणि गुलाबी फळं लगडलेलं एक झाड. याचा माझ्या गोष्टीशी काय संबंध, म्हणून टॉल्किन वैतागले. पुढे सिंह तेवढा हटवला गेला.

मला मात्र त्या सिंहाचा राग येत नाही. चित्र कथेची साक्ष द्यायला थोडंच असतं? इथले नियम तुझ्या जगाचे नाहीत, एवढं त्यानं सांगितलं की झालं. पाठमोरा, टोपडं ओढलेला तो ठरावीक नायक मला त्याहून खोटा वाटतो. चेहरा आपण भरायचा म्हणे. मला तर चित्रकारानं अंग चोरल्यासारखं वाटतं.

आणि चार लोकांत पुस्तक उघडायचं तर मुखपृष्ठ त्यांनाही दिसतं. हॅरी पॉटरची मोठ्यांसाठीची आवृत्ती १९९८मध्ये आली ती याच भिडेपोटी. आतली गोष्ट तीच, वर फक्त आगगाडीचा कृष्णधवल फोटो. मी हसले होते. नंतर आठवलं, एका उघड्याबोडक्या खड्गधारी वीराला मी महिनाभर वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं.

ड्रॅगनचं नाक आता अंगठ्यानं घासून पांढरं पडलंय. दुसऱ्या भागाचं मुखपृष्ठ कालच पाहिलं. वादळात सापडलेलं जहाज, शिडावर हिरवा उजेड. पहिल्या भागात समुद्राचा थेंबही नव्हता.

मागवलंय.