लाईमलाईटमधला चुना

गेल्या आठवड्यात माझं अप्रेझल झालं. काम वेळेवर करते, नवीन लोकांना शिकवते, सगळं छान लिहिलेलं आणि सगळ्यात खाली एक ओळ, की ही लाईमलाईटपासून लांब राहते. माझी मॅनेजर मनानं चांगली आहे, तिनं काळजीनंच लिहिलं असणार, पण ती ओळ चार दिवस डोक्यातनं जाईना. आठ महिने ज्या कामावर मी बसले ते मोठ्या साहेबांसमोर दुसऱ्यानं दाखवलं, आणि लांब राहते म्हणे मी! मला कुणी बोलावलं होतं का?

आपल्याकडं या गोष्टीला घरात चांगला शब्दच नाही. प्रकाशझोत हा पेपरातला शब्द. घरात काय म्हणतात, तर पुढं पुढं करू नको, मिरवू नको. हे ऐकत वाढलेली पोरगी इथं लंडनला येऊन टेबलावर हात आपटून माझं माझं कसं म्हणेल? आणि ते वळण वाईट आहे असं मला अजूनही वाटत नाही. शाळेच्या गॅदरिंगला कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात मी कायम विंगेत, प्रॉम्प्टिंगला. एकाही पोरीचं वाक्य अडलं नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते नाट्यगृह जळताना इथं फोनवर बघितलं आणि मला पहिली आठवली ती विंगच.

तर तो शब्द. इतकी वर्षं मला वाटायचं लाईम म्हणजे लिंबू, काहीतरी पिवळट हिरवा दिवा असेल. शेवटी शोधून काढलं. लाईम म्हणजे चुना! आपली चुन्याची कळी. ऑक्सिजन आणि हायड्रोजनची ज्योत कळीच्या ठोकळ्यावर सोडायची, तो अडीच हजार डिग्रीपर्यंत तरी वितळत नाही, पण तापून पांढराशुभ्र उजळतो. 1820 च्या दशकात आयर्लंडच्या जमीनमोजणीत हा उजेड शंभरेक किलोमीटरवरनं दिसला होता, आणि 1837 साली तो लंडनच्या कॉव्हेंट गार्डनच्या थिएटरात आला. त्या जागेवर आता रॉयल ऑपेरा हाऊस आहे, माझ्या ऑफिसपासून चालत वीस मिनिटं. ज्योतीनं चुन्याला खड्डा पडतो म्हणून एक माणूस दिव्यापाशी उभा राहून ठोकळा सारखा फिरवत राहायचा, गॅस कमीजास्त करायचा, आणि झोत नटावरनं हलू द्यायचा नाही. शनिवारी मी तिथं जाऊन नुसतीच उभी राहिले, बराच वेळ.

आमचे आबा दिवाळीआधी पत्र्याच्या डब्यात कळी टाकून वर पाणी ओतायचे. आधी काहीच व्हायचं नाही. मग एकदम चर्र करून डबा रटरटायला लागायचा, खाली जाळ नसताना वाफ, आणि कळी फुटून तिचं दह्यासारखं व्हायचं. आम्ही वाकून बघायला गेलो की आबा ओरडायचे, “लांब व्हा गं, डोळ्यात जाईल!” भिंती पांढऱ्या झाल्या की त्यांचे हात चार दिवस भेगाळलेले असायचे, त्यावर आजी खोबरेल लावायची.

आज 10 नोव्हेंबर, अंबाबाईच्या किरणोत्सवाचा दुसरा दिवस. दरवर्षीसारखा आईला फोन लावला, इथं सव्वाबारा, तिकडं पावणेसहा. मावळतीची किरणं महाद्वारातनं थेट आत येतात, पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी चेहरा, तेवढ्या वेळेपुरते गाभाऱ्यातले दिवे बंद करतात. तो अंधार आणि त्यात सरकत येणारा उजेड ज्यानं बघितलाय त्याला मी काय सांगू! जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून मी फोन कानाला लावलेला, पलीकडनं नुसती गर्दीची गजबज.

“कुठवर आली गं?”

“थांब जरा,” आई म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. “ढग आला बाई. गुडघ्यापर्यंत आली आणि गेली.”

उद्या ती चारलाच जाऊन जागा धरणार आहे. मी सव्वाबाराची मीटिंग पुढं ढकललीय.